आप्पांची काळजी, पुण्यातून

सातारा म्हणजे पेन्शनरांचं गाव, आणि तुम्ही नोकरीला पुण्यात. अंतर म्हणाल तर एकशेदहा-वीस किलोमीटर. गणपतीला येता येतं, एरवी वर्षभर 'या रविवारी जमतंय का बघतो'. तेव्हा आप्पांची काळजी लांबूनच घ्यायला हवी. घ्याच.

आधी सकाळचं फिरणं बंद करा. साताऱ्यातल्या 'चार भिंती' या ठिकाणाच्या चढावर पाच-सहा म्हातारे रोज जमतात, एखाद्याचा पाय घसरला म्हणजे? त्यापेक्षा घरात ट्रेडमिल आणा. आप्पा पंधरा मिनिटं चालून पाऊण तास देशाचा कारभार हाकायला जात होते, हे ट्रेडमिलवाल्याला सांगत बसू नका.

मंडईही नको. तिथली भाजीवाली उगाच "आप्पा, दोन दिस कुठं हुता?" विचारते आणि एक मेथीची जुडी अर्धा तास खाते. भाजी मोबाइलवरून मागवा. पोरगा पिशवी दाराला अडकवून जातो, बेलसुद्धा वाजवत नाही. केवढी शांतता!

हॉलमध्ये कॅमेरा मात्र हवाच. शेजारचे तात्या रोज चारला चहाला यायचे, म्हणजे खरं तर सुनेच्या तक्रारी सांगायला. आता कॅमेऱ्यापुढे सुनेबद्दल कोण बोलणार? आठवडाभरात यायचे बंद झाले. साखरही वाचली.

एसटीपासून विशेष जपा. २०२२ पासून सरकारने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली आणि ही मंडळी सुटलीच. आधारकार्ड खिशात घालून आप्पा वाईला मित्राकडे निघाले, की "एसटीनं कशाला? गाडी करून देतो की," म्हणा. करायची नाही, नुसतं म्हणायचं.

कानाच्या यंत्राचं पुढे ढकला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्यासारखे १४ धोके मोजले, त्यात ऐकू कमी येणंही आहे आणि माणसांपासून तुटणंही. एकाच यंत्राची बचत, त्यात दोन्ही साधतात. पुढे आप्पा नावं विसरू लागले, की 'वय झालं' म्हणायला आपण मोकळे.

कायद्याची धास्ती नको. २००७च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. गप्पांचा भत्ता त्यात कुठेच नाही. तरी तुम्ही रोज फोन करताच. "जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवतो." त्यांनी "अरे, काल काय झालं..." अशी सुरुवात केली, तर रेंज जाऊ द्या.

हल्ली दुपारी चारच्या सुमाराला मोबाइलवर 'हॉलमध्ये हालचाल' असा संदेश येत असेल. घाबरू नका, चोर नाही. आप्पा कॅमेऱ्याच्या समोर खुर्ची ओढून बसतात आणि काहीबाही बोलतात. मीटिंगमध्ये त्रास होत असेल तर संदेश बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे.