लांब गाडी विकून छोटी एसयूव्ही घ्यावी का?

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत सध्या मोबाईलवरून एक सल्ला हातोहात फिरतो आहे. घरची लांब गाडी, म्हणजे बहुतेक ठिकाणी मारुतीची सात जणांची अर्टिगा, विकून चार मीटरच्या आतली नवी एसयूव्ही घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. ही एसयूव्ही उंच असल्यामुळे वावरापर्यंत जाते, तिची डिक्की मोठी आहे, ती अधिक सुरक्षित आहे आणि जीएसटी उतरल्यामुळे स्वस्तही पडते, अशी कारणे दिली आहेत. स्टेशन वॅगनला, म्हणजे छत मागे डिक्कीपर्यंत ओढलेल्या लांब कारला, लोकांनी केव्हाच नाकारले, असा शेराही शेवटी मारला आहे. यांतला एक मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे तपासले की टिकत नाहीत.

आधी उंचीचे पाहू, कारण सल्ल्याचा सगळा भर तिच्यावरच आहे. चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींपैकी टाटाच्या नेक्सॉनचे पोट जमिनीपासून २०८ मिलिमीटरवर असते आणि अर्टिगाचे १८५ मिलिमीटरवर, म्हणजे फरक सुमारे सव्वादोन सेंटीमीटरांचा. कोरड्या पांदणीवर बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा चुकवताना तेवढ्याचाही उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. शिवाय अर्टिगाच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २७४० मिलिमीटर असल्याने, माणसे भरलेली असताना ती गावातल्या ओबडधोबड गतिरोधकावर मधोमध घासते; नेक्सॉनमध्ये हेच अंतर २४९८ मिलिमीटर असल्याने ती अलगद उतरते. परंतु आपली खरी अडचण उंचीची नसून काळ्या मातीची आहे. पाऊस पडला की ही माती फुगते, चिकट होते आणि टायरच्या खाचा भरून टाकते; खाचा भरल्या की चाक जागच्या जागी गरगरू लागते. अशा वेळी इंजिनाचा जोर कोणत्या चाकांना मिळतो, याला महत्त्व असते, आणि नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू या तिन्ही छोट्या एसयूव्हींत तो अर्टिगाप्रमाणेच फक्त पुढच्या चाकांना मिळतो. मागे खताच्या गोण्या टाकल्या की गाडीचे बूड दबते, पुढची चाके हलकी होतात आणि पकड आणखी सुटते. भर पावसात पांदणीने वावरात जायचे तर ट्रॅक्टर किंवा बैलगाडीच लागते. या कामासाठी पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही घेणे म्हणजे नुसत्या दिसण्याचे पैसे मोजणे होय.

डिक्कीच्या मुद्द्यात तर सरळ हातचलाखी आहे. ब्रेझाची डिक्की ३२८ लिटरची आणि अर्टिगाची २०९ लिटरची, असे आकडे शेजारी ठेवून एसयूव्हीला जिंकवले जाते. पण २०९ हा आकडा सात माणसांच्या तिन्ही रांगा उभ्या असतानाचा आहे आणि ३२८ हा पाच माणसांच्या गाडीचा. तिसरी रांग आडवी करून दोन्ही गाड्या पाच-पाच माणसांच्या केल्या की अर्टिगाची जागा ५५० लिटर होते. लिटरच्या आकड्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मागच्या दाराच्या उंबऱ्याची उंची. युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची असते. ती गुडघ्यापर्यंत उचलून आत सरकवणे आणि मांडीच्याही वर नेऊन आत टाकणे यांतला फरक ज्याची कंबर धरली आहे त्याला विचारावा.

माणसांच्या संख्येवर हा सल्ला गप्प आहे, आणि ते सोयीचेच आहे. आजीला सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखवायला न्यायचे असो की घरच्यांना शेगावला, आपल्याकडे पाच जणांत भागत नाही. मग सात जणांची मोठी एसयूव्ही घ्या, असे कोणी म्हणेल. पण स्कॉर्पिओ-एन घेतली तर तिची तिसरी रांग फरशीत सपाट न बसता दुमडून पुढे उभी राहते, आणि ती उघडून सात जण बसले की मागे दोन-चार पिशव्यांपुरतीच जागा उरते.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, तर जुलै २०२४ मध्ये त्याच संस्थेने तपासलेल्या, भारतात बनून आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अर्टिगाला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या कुटुंबाने हा फरक मनावर घेतलाच पाहिजे. तरीही याचे श्रेय एसयूव्हीच्या आकाराला देता येत नाही. अल्ट्रोझ ही बुटकी कार २०२० मध्ये पाच तारे मिळवते, आणि बोलेरो निओ या उंच एसयूव्हीला २०२४ मध्ये एकच तारा मिळतो. तारे सांगाड्याची मजबुती, एअरबॅग आणि पट्टे यांवर ठरतात. उलट अचानक वळण घेताना उंच गाडी अधिक झुकते, हे भौतिकशास्त्र कोणत्याही कंपनीला टळत नाही.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो तो ४००० मिलिमीटरपर्यंत लांब आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, तर डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांना. बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. म्हणून सर्व छोट्या एसयूव्ही स्वस्त झाल्या हेही खरे नाही, कारण ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचे इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांतच येते. चार मीटरची ही रेघ २००६ च्या अर्थसंकल्पातली आहे, आणि तिच्यासाठी गाड्यांचे बूड मागून छाटले गेले. सवलत मिळते ती लांबी कापल्याबद्दल, आणि आपल्याला गाडीत हवी असते ती नेमकी तीच लांबी.

सीएनजी घ्यायची असेल तर मात्र पारडे फिरते: अर्टिगात टाकी तिसऱ्या रांगेमागची जागा खाते, तर नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यामुळे ३२१ लिटरची डिक्की शिल्लक राहते.

राहिला शेवटचा शेरा. १९९२ ची टाटा इस्टेट, मारुतीची बलेनो अल्टुरा आणि २००४ ची इंडिगो मरीना या स्टेशन वॅगन आपल्याकडे रुजल्या नाहीत, हे खरे आहे. पण कारच्या सांगाड्यावर छत शेवटपर्यंत ओढून माणसे आणि सामान एकत्र नेण्याची त्यांची रीत २०१२ मध्ये आलेल्या अर्टिगाने उचलली, आणि ती दरमहा सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या यादीत सातत्याने असते. ज्या घरात चार-पाचच माणसे आहेत आणि मालासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली दारात उभी आहे, त्याने पाच ताऱ्यांची छोटी एसयूव्ही खुशाल घ्यावी. सात माणसांच्या घराने ती घेतली, तर दर लग्नसराईत शेजाऱ्याची अर्टिगा मागायची तयारी ठेवावी.