बारा वर्षे राहिला म्हणून भाडेकरू मालक होत नाही

‘भाडेकरू १२ वर्षे राहिला की घर त्याचं, सुप्रीम कोर्टाचा निकाल’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरतो. मग घाबरलेले घरमालक चांगल्या भाडेकरूलाही बाहेर काढायच्या मागे लागतात.

१२ चा आकडा खोटा नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे खासगी मिळकतीवर कुणी कब्जा केला आणि मालकाने १२ वर्षांत दावा लावला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो. पण तो कब्जा उघड, सलग आणि मालकाचा हक्क धुडकावून केलेला असावा लागतो. भाडेकरू तर दर महिन्याला भाडं देऊन मालकाचं मालकपण कबूल करत असतो! परवानगीने आत आलेला माणूस ४० वर्षे राहिला तरी नुसत्या वर्षांच्या जोरावर मालक होत नाही. भाडेपट्टा रीतसर संपल्यावर मालक स्वस्थ बसला तर मात्र धोका आहे, कारण ताबा मागायची १२ वर्षांची मुदत तिथून मोजली जाते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता तो ‘निकाल’. २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात प्रश्न वेगळाच होता: असा कब्जेदार फक्त बचावात हा मुद्दा मांडू शकतो, की स्वतः दावाही लावू शकतो? कोर्ट म्हणालं, दावाही लावू शकतो. भाडेकरूला घर देऊन टाकल्याचं त्यात काही नाही.

‘सरकारी जमिनीलाही हाच नियम’ हेही चूक. तिथे मुदत ३० वर्षांची आहे. शिवाय गायरानासारख्या गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना दिला. अतिक्रमण फार जुनं आहे किंवा त्यावर बराच खर्च केलाय, ही सबब चालणार नाही, असंही त्यात बजावलंय.

‘शेत मी कसतो, पीकपाहणीला नाव माझं, म्हणून भावाचा हिस्सा बुडाला’ हे तर गावोगाव ऐकू येतं. सामाईक जमिनीत एका भावाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारल्याचा आणि त्याला ते कळल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि सातबाऱ्यावरच्या एका नोंदीने ते भागत नाही.