पुलाचं नंतर बघू, आधी रात्रीची बोट द्या

मागच्या आठवड्यात आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवला. डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला, "ताई, मॅपवर तुमचं घर समोरच दाखवतोय, पण इथं रस्ताच संपला. पुढे पाणी आहे." बिचारा मालाडच्या मार्वे जेट्टीवर उभा होता. म्हटलं, गाडी बोटीत घाल बाबा, बाइक घेतात.

मार्व्याच्या समोर, खाडीपलीकडचं मनोरी माझं माहेर. मार्वे-मनोरी पूल हवा की नको, हा सध्या गावात वाद. आम्ही मुंबईत मतदान करतो, पालिकाही मुंबईचीच. मनोरी, कुलवे, गोराई मुंबईत आणि त्याच बेटावरचं उत्तन, डोंगरी मात्र मिरा-भाईंदरमध्ये, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. बेटाचं नाव धारावी. (मुंबईतली ती प्रसिद्ध धारावी नव्हे.) उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मनोरीची, पश्चिमेला समुद्र. मार्व्याहून बोटीने पाच-सात मिनिटं. रस्त्याने यायचं तर दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा तीस किलोमीटरच्या वर वळसा, आणि दहिसरचं ट्रॅफिक तर विचारूच नका.

रविवारी गर्दी बघा. कोणी बीचवर, कोणी गोराईच्या पॅगोडाला. येईनात का, चार पैसे गावात येतात. समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्पसुद्धा पालिकेने मनोरीलाच योजलाय, रोज २० कोटी लिटरचा. शहराची तहान भागवायला आम्ही जवळचे.

पण रात्री? शेवटची बोट गेली की गाव मुंबईपासून तुटतं.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा दीड वाजला होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, भाईंदरवरून फिरून यावं लागेल, तासाच्या वर जाईल. शेजारच्या नाखवांनी होडी काढली. सुकती लागलेली, पाणी मागे गेलेलं. होडी धक्क्याला लागेना. दोघा पोरांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गुडघाभर चिखलातून वर नेलं. एकाची चप्पल रुतली ती रुतलीच. पलीकडे रिक्षा मिळाली, बाबा वाचले. नंतर एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले तर साहेब म्हणतात, "मुंबईतच राहता ना तुम्ही?" यावर काय बोलणार!

आता फेसबुकवर रोज भांडण, पूल हवा की नको. पोरांना हवाय, कॉलेज-नोकरीला रोज बोटीच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आलाय. म्हातारे म्हणतात, पूल आला की मागोमाग बिल्डर आला, मग बोंबील वाळवायला जागा कुठे उरणार? मला दोघांचंही पटतं, म्हणून मी त्या भांडणात पडत नाही. पूल झाला तरी वर्षानुवर्षं लागतील. तोवर एक बोट रात्रभर धक्क्याला ठेवा, दोन खलाशी पाळीने, आणि सुकतीलाही लागता येईल असा उतार बांधा. मार्व्याच्या बाजूला एक अ‍ॅम्ब्युलन्स उभी ठेवा. वसई-भाईंदरला २०२४ मध्ये रो-रो सुरू झाली, गाड्या बोटीतून जायला लागल्या. इथं एक स्ट्रेचर जायची सोय होत नाही?

आई अजून झोपायच्या आधी अंगणात येऊन नाखवांची होडी पाण्यात आहे का बघते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. ते दोन महिने मी बाबांना मालाडला माझ्याकडे घेऊन येते.