पुस्तकांचं गाव आहे, गल्ला कुठे आहे?

सातारा जिल्ह्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. प्रेरणा होती वेल्समधल्या हे-ऑन-वायची. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन गावांतला फरक लगेच डोळ्यांत भरतो. हे-ऑन-वाय उभं राहिलं ते जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीवर. रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दुकान काढलं, १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला गावचा राजा जाहीर केलं, आणि साहित्य महोत्सव आला तो पुढे १९८८ मध्ये. म्हणजे आधी गल्ला, मग महोत्सव. भिलारची मांडणी वाचनासाठी झाली: सुरुवातीला २५ ठिकाणं, सुमारे १५ हजार पुस्तकं, ओसरीवर बसा, वाचा, परत ठेवा.

ती मांडणी चांगलीच आहे, तिला धक्का लावायचं कारण नाही. पण तिच्या शेजारी जुन्या पुस्तकांची विक्री हवी, आणि तीत संस्कृत ग्रंथ, चित्रकथा, खेळांची पुस्तकं असं सगळं हवं, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यावर गावाकडून दोन आक्षेप हमखास येतात. एक, विक्री आली की पुस्तकांची जत्रा होईल. दुसरा, संस्कृत ग्रंथांच्या मांडीला मांडी लावून चित्रकथा आणि खेळांची पुस्तकं कशाला बसवायची?

पहिल्याकडे शेवटी येतो. दुसऱ्याचं उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ साली स्वतः काढलेल्या चित्रांचं रामायण छापलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला सुरुवातीपासून पाठबळ दिलं तेही त्यांनीच. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये १९ खंडांत पुरं झालं, सव्वा हजारावर हस्तलिखितं तपासून. चित्रांतून गोष्ट सांगणं आणि हस्तलिखितांतले पाठभेद लावणं एकाच माणसाला प्रिय होतं. मग एका फडताळात ही दोन्ही राहिली तर बिघडलं कुठे?

शिवाय यात व्यवहारही आहे, आणि तो इथल्या, ब्रिटनमधल्या दुकानांत स्पष्ट दिसतो. शास्त्राचं, म्हणजे संस्कृत परंपरेतलं पुस्तक गिऱ्हाईकाची वाट पाहत वर्षानुवर्षं पडून राहतं. चित्रकथा आणि खेळांची पुस्तकं महिन्याभरात हलतात. दुकानाचं भाडं ती भरतात, म्हणून शास्त्राला वाट पाहायला जागा उरते. फक्त 'दर्जेदार' पुस्तकं ठेवणाऱ्या दुकानाची घडी बसत नाही, आणि ते मिटलं की दर्जेदार पुस्तकंही रद्दीतच जातात.

रद्दी हाच खरा मुद्दा आहे. वाईला संस्कृत विद्येची प्राज्ञपाठशाळा आहे, धर्मशास्त्राचा धर्मकोश आणि मराठी विश्वकोश वाईत घडले. सातवळेकरांचं, वेद छापणारं स्वाध्याय मंडळ गुजरातेतल्या पारडीला जाण्याआधी औंधला होतं. त्यामुळे या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातली संस्कृत काव्यं, पुण्याच्या आनंदाश्रमाच्या संस्कृत ग्रंथावळीतली पुस्तकं, औंधला छापलेल्या वेदसंहिता निघणं काही नवलाचं नाही. वाडा विकायला काढला की गठ्ठे किलोवर जातात. घरच्यांचं पुस्तकांशी वाकडं नसतं, पण ही काय चीज आहे हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. असा माणूस तयार होतो तो जुन्या पुस्तकांच्या धंद्यातच.

त्याला काय कळावं लागतं? पहिलं, संच फोडायचा नाही. बहुखंडी कोशातला एक भाग हरवला तरी बाकीच्यांची किंमत घसरते, म्हणून उंचीप्रमाणे रचण्याआधी भागांचे आकडे लिहून काढावेत. मुखपृष्ठावर नुसतं शके असेल तर ७८ मिळवून सन काढावं. शके १८३८ म्हणजे साधारण १९१६. शेवटचं शुद्धिपत्र आणि श्लोकसूची जागेवर आहेत का पाहावं, कारण नव्यानं बांधणी करताना बांधणारे ती पानं बेलाशक टाकून देतात. सूची नसलेला शास्त्रग्रंथ अभ्यासकाच्या निम्म्याच कामाचा. समासात शाईनं लिहिलेल्या टिपा मात्र दोष समजू नयेत. पाठशाळेत शिकलेल्या माणसाच्या हातच्या त्या टिपांसाठी कधीकधी पुस्तक घेतलं जातं.

चित्रकथांची तपासणी मधल्या पानापासून करायची. पिना गंजल्या की कागद तिथेच तपकिरी होतो, ठिसूळ होतो, आणि मधली जोडपानं सुटून हरवतात. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती. या वयाच्या अंकांत हे फार आढळतं. गंजलेली पीन चिमट्यानं ओढू नये, कागद फाटतो. आतल्या बाजूनं तिची टोकं सरळ करावीत आणि ती कण्याच्या बाजूला हलकेच बाहेर ढकलावी, मग त्याच भोकांतून सुती दोरा घालावा. चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा गोंद पिवळा पडून चित्रात उतरतो, मग तो काढता येत नाही.

असं दुकान शेजारच्या सांगलीतही निघू शकतं. तिथे खेळांच्या पुस्तकांचं कपाट लावायचं तर सुरुवात बुद्धिबळानं. बुद्धिबळाचा प्रसार करणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या, बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसेंच्या गावात ही पुस्तकं घरोघर असणार. घेताना एक पान उघडून चालींची लिपी बघा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत राजाच्या, वजिराच्या पट्टीवरून घरं मोजतात, आणि तेच घर पांढऱ्याच्या बाजूनं एक तर काळ्याच्या बाजूनं दुसरं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जागतिक संघटना फक्त अक्षर-आकड्याची पद्धत मानते, त्यामुळे आजचं पोर ते पुस्तक वाचताना पहिल्याच डावात अडकतं. अशा पुस्तकाची किंमत कमी ठेवावी, आणि आत दोन पद्धतींचा तक्ता चिकटवण्याऐवजी घडी घालून ठेवून द्यावा.

भूमिका घेऊन खेळायच्या खेळांची (रोल-प्लेइंग गेम) नियमपुस्तकं आपल्याकडे अजून नवी वाटतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा त्यातला प्रसिद्ध खेळ १९७४ साली एका खोक्यातल्या तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला. नवी आवृत्ती आली की शाळेच्या पाठ्यपुस्तकासारखं जुनं नियमपुस्तक बाद होतं, हा समज चुकीचा आहे. अनेक कंपू जुन्याच नियमांनी खेळतात आणि त्यांना तेच पुस्तक लागतं. तपासायचं ते मागच्या खिशातला नकाशा आणि कणा. ही पुस्तकं टेबलावर शेकडो वेळा उताणी पडलेली असतात, म्हणून गोंदावरची बांधणी आधी मधोमध तडकते. पर्याय निवडून एकट्यानं खेळायच्या गोष्टींत पुढच्या नोंदतक्त्यावर पेन्सिल चाललेली असते. ती मऊ रबरानं एकाच दिशेनं पुसावी.

सांगलीच्या दुकानदाराला आणखी एक गोष्ट माहीत हवी. २०१९ च्या महापुरात तिथल्या वाचनालयांची पुस्तकं भिजली. भिजलेलं जुनं, खडबडीत कागदाचं पुस्तक पंख्याखाली उभं उघडून ठेवलं तर बहुधा वाचतं. आजच्या चित्रकथा आणि नियमपुस्तकं गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर असतात. वाळता वाळता पानं एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. म्हणून पुस्तक ओलं असतानाच पानांमध्ये मेणकागद घालावा, किंवा ते पिशवीत बांधून सरळ बर्फाच्या कप्प्यात ठेवावं आणि मग सवडीनं पानं सोडवावीत. हे दोन दिवसांच्या आत करावं लागतं, नंतर बुरशी धरते. म्हणून पाणी चढायला लागलं की गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी माळ्यावर न्यावीत. किमतीचा क्रम तेव्हा बाजूला ठेवावा.

पोस्टाची अडचणही आता कमी झाली आहे. मे २०२५ पासून भारतीय डाकेची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. वाईचा ग्रंथ नागपूरच्या अभ्यासकाला परवडेल असा हा दर आहे. त्यात नियतकालिकं बसत नाहीत, त्यामुळे चित्रकथांचे सुटे अंक पाठवताना खिडकीवर आधी विचारावं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. पण खोक्यात फासे-सोंगट्या आल्या की माल 'खेळ' ठरतो आणि कर लागतो. बिल करताना हे वेगळं दाखवा.

इथलं, ब्रिटनमधलं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. कॉमिकला दर्जाचा आकडा देऊन प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करायचं आणि शेअरसारखं विकायचं, ही चाल आपल्याकडे येऊच नये. ते पुस्तक परत कुणी वाचत नाही. आणि एका बाबतीत आपण खूप पुढे आहोत. इथे संस्कृत ग्रंथ कपाटात मिळतो, पण त्याचा अर्थ लावून देणारे गुरुजी शेजारच्या गल्लीत मिळत नाहीत. वाईला हे दोन्ही एकत्र असू शकतं.

हे-ऑन-वायच्या किल्ल्यापाशी उघड्यावर फळ्या आहेत. पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे, विक्रेता नाही. भिलारनं एवढ्यापासून सुरू करावं, म्हणजे त्याची जत्रा होणार नाही. एकच ओसरी, एक टेबल, तीन रांगा: शास्त्र, चित्रकथा, खेळ. प्रत्येक पुस्तकात पेन्सिलनं किंमत आणि दोष लिहिलेला: 'शुद्धिपत्र नाही', 'मधली चार पानं सुटी'. मांडणी दिवाळीनंतर करावी आणि मेअखेर आवरावी, कारण महाबळेश्वरच्या त्या पावसात ओसरीवरचा कागद आठवड्याभरात दमट होतो. फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावं, म्हणजे मागून हवा खेळेल.