काका, पाय माझा आहे!

गाडी मी चालवते, गिअर काका टाकतात. तोंडाने. कर्वे रोडला सेकंडमध्ये रांगत असले की शेजारून सुरू, "अगं थर्ड टाक, पेट्रोल जळतंय!" टाकला थर्ड, की इंजिन हुंदके देणार, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा थरथरणार. मग म्हणे, क्लच नीट सोड.

परवा जुन्या कात्रज घाटातून येत होतो. बोगदा संपला, उतार लागला आणि यांचा हात थेट गिअरच्या दांड्यावर! "न्यूट्रल कर, फुकट जाते." अहो, नाही जात फुकट! हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं जवळजवळ. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर. पण यांचं ज्ञान अजून कार्बोरेटरच्या स्कूटरवर. (आहे ती स्कूटर, पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली.)

आणि स्वतः चालवतात तेव्हा? डावा पाय क्लचवरून हलेल तर शपथ. रविवारी सिंहगडाच्या चढावर गाड्यांची ही रांग, हँडब्रेक लावायचं नाव नाही, हाफ क्लचवर गाडी लटकवून ठेवलेली. जळका वास सुटला, तर काच खाली करून पुढच्या टेम्पोवाल्याला शिव्या!

क्लच प्लेटचं बिल मी भरलं. गॅरेजमधून येताना काका शेजारी. "बघ, किती हलका झालाय क्लच. आता तरी जपून वापर."