इनामगावच्या झोपड्या आणि उसाच्या फडातल्या कोप्या

प्राचीन संस्कृती म्हटलं की आपण पिरॅमिडकडे नाहीतर मोहेंजोदडोकडे बघतो. मला शिरूर तालुक्यातलं इनामगाव जास्त जवळचं वाटतं. घोड नदीकाठच्या या गावाजवळ डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांचं हे काम. राजवाडा निघाला नाही. निघाली ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची शंभरावर घरं.

आधीची घरं चौकोनी, ऐसपैस. अंगण, चूल, धान्याला पेव आणि कणगी. पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाटसुद्धा! वस्तीच्या मध्यावर एक पाच खोल्यांचं घर, त्याला लागूनच कोठार. ढवळीकरांच्या मते ते गावप्रमुखाचं. कुंभार, सोनार मात्र पश्चिमेच्या कडेला. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायची रीत होती. पण त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या पुरुषाचे पाय शाबूत आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही कोठाराशेजारी राहणाऱ्याला नियम वेगळे.

इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास चित्र पालटतं. ढवळीकरांनी याचं कारण पाऊसमान घटणं असं मांडलं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. शेती आक्रसते, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भिस्त वाढते. या काळातल्या बालकांच्या हाडांवर वाढ खुंटल्याच्या खुणा सापडल्या आहेत. शेवटी वस्ती उठली.

आज त्याच अवर्षणप्रवण तालुक्यात ऊस डोलतोय. तो तोडायला बीड, पाथर्डीकडून जोडपी येतात, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडायला. राहायला बांबू, पाचट नाहीतर ताडपत्रीची कोपी. वाकूनच आत शिरायचं, बाहेर तीन दगडांची चूल, शेजारी बैल बांधलेले. पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण मागे. तिची शाळा गावाकडे राहिलेली.

इनामगावच्या लोकांपुढे पावसाचं संकट होतं आणि साधनं तुटपुंजी होती. आपल्याकडे धरणं आहेत, कालवे आहेत, रेशन आहे. तरीही दर दिवाळीनंतर गावंच्या गावं रिकामी होतात आणि आपण त्याला ‘हंगाम’ म्हणतो. याचा दोष नुसत्या पावसावर ढकलणं मला मान्य नाही. पाणी कुठल्या पिकाला द्यायचं हे माणसं ठरवतात, आणि ठरवणारे कोपीत राहत नाहीत.

माझी मागणी एवढीच आहे. इनामगावच्या मुलांची हाडं संशोधकांनी इतक्या काळजीने मोजली, तशीच कोपीतल्या प्रत्येक मुलाची उंची आणि वजन हंगाम सुरू होताना आणि संपताना मोजा. किती टन उसाचं गाळप झालं आणि साखरेचा उतारा किती पडला हे कारखाने दरवर्षी सांगतातच. त्याच पानावर हे आकडेही छापा.