२६ जुलै आणि त्यानंतरचं सगळं

दरवर्षी २६ जुलैला सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सॲपवर दिनविशेष यायला लागतात. कारगिल विजय दिवस, मुंबईचा महापूर, आणि ग्रुपमध्ये कोल्हापूरकडची मंडळी असतील तर शाहू महाराजांचा आरक्षणाचा हुकूम. तीन ओळी, खाली हात जोडलेले इमोजी, संपला विषय. पण या तीन गोष्टी एकाखाली एक वाचल्या की ठरलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे विचारणारं कोणी होतं का, हेच चक्र माझ्या डोक्यात दरवेळी सुरू होतं, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

१९०२ पासून सुरू करतो. शाहू महाराज तेव्हा इंग्लंडला होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेलेले, आणि इकडे करवीरच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या, गॅझेटात हुकूम छापून आला की इथून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांच्या लोकांनी भरायच्या. १८९४ ला महाराजांनी कारभार हातात घेतला तेव्हा दरबारातल्या ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या, म्हणजे किती हिमतीचं काम होतं बघा. एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण तो हुकूम शेवटपर्यंत वाचा राव! पुढे म्हटलंय की ज्या कचेरीत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या खाली आहे तिथली पुढची नेमणूक याच वर्गातून करायची. आणि त्याच्याही पुढे, प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करायचं.

माझं मन त्या तीन महिन्यांच्या पत्रकावर अडकतं. कारण महाराज आपली माणसं पुरती ओळखून होते असं मला वाटतं. हुकमाला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, "होय महाराज" म्हणतात आणि मग लायक उमेदवारच मिळत नाही, फाईल सापडत नाही, यंदा जागाच निघाली नाही, असं करत करत वर्षं जातात. पत्रक मागितलं की साहेबाला आकडा लिहावा लागतो, सही करावी लागते. आणि लायक उमेदवार नाहीत ही सबब उरू नये म्हणून तर १९०१ पासूनच कोल्हापुरात बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, उघडायला सुरुवात झालेली. पुढे १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हाही पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. स्वप्न मोठं होतंच, पण त्याच्या मागे कोण विचारणार, कधी विचारणार, हेही ठरलेलं होतं.

आता २००५. आम्ही तेव्हा मुंबईत कलिन्याला होतो, त्यामुळे हा दिवस माझ्यासाठी दिनविशेष नाहीये. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम सत्तरेक, त्यात दुपारी मोठी भरती, मिठी नदीचं पाणी समुद्रात जाईना. शहरात चारशेच्या वर माणसं गेली. एवढा पाऊस कुठल्याच शहराला झेपला नसता हे मलाही कळतं. पण १९९३ सालीच पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याबद्दलचा ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल पालिकेकडे आलेला होता, त्यात लिहिलेलं की जुनी गटारं तासाला २५ मिलीमीटर पावसाच्या हिशोबाची आहेत, ती ५० ला न्या, पंपिंग स्टेशनं बांधा. बारा वर्षं! अहवाल होता, हुशार माणसांनी मेहनतीने केलेला होता, फक्त दर तीन महिन्यांनी "कुठवर आलं" विचारणारं कोणी नव्हतं. पुरानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी काही स्टेशनं झाली पण मोगरा आणि माहुलची त्यानंतरही वर्षानुवर्षं रखडलीच.

आमच्या बिल्डिंगचं सांगतो. मीटर रूम तळमजल्यावर, पाण्यात बुडालेली, कितीतरी दिवस अंधारात काढले. मीटिंगमध्ये एकमताने ठरलं की मीटर वर घ्यायचे. मग पाणी ओसरलं, गणपती आले, दिवाळी आली, सगळे विसरले. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू मात्र नाही विसरल्या. शाळेच्या वहीसारखी एक दोनशे पानी वही घेऊन प्रत्येक मीटिंगला यायच्या आणि पहिला प्रश्न तोच, "मीटरचं काय झालं?" लोक वैतागायचे, सेक्रेटरी तर त्यांना बघून दुसऱ्या जिन्याने जायचे. पण मीटर वर गेले. ते केवळ त्या काकूंमुळे, यात मला तसूभरही शंका नाही.

कारगिलबद्दल थोडंच लिहितो, त्यावर बोलायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत. ५२७ जवान गेले. पहिली खबर दिली ती ताशी नामग्याल या मेंढपाळाने, हरवलेला याक शोधता शोधता त्याला वरती अनोळखी माणसं दिसली, आणि त्याने ती गोष्ट लगेच सैन्याला जाऊन सांगितली. १९९९ ला युद्ध संपल्याचं २६ जुलैला जाहीर झालं आणि २९ जुलैला संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रमण्यम यांची समिती नेमलीसुद्धा, आपलं कुठे चुकलं ते बघायला. जिंकल्यावर तीन दिवसांत असं करणं मला फार मोठेपणाचं वाटतं. अहवालही त्याच डिसेंबरात आला. पण त्यातून पुढे आलेली तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमायची शिफारस प्रत्यक्षात यायला २०२० चा जानेवारी उजाडला.

आपल्या घरातही हेच चालतं की. बाबांची शुगर वाढली की सगळं घर हादरतं, उद्यापासून चालायला जायचं, गोड बंद, सगळं ठरतं. टिकतं कुठे? जिथे सून किंवा नात रोज रात्री विचारते "आबा, आज गेला होतात ना?" तिथे. आणि अशा माणसाला आपण कटकटी म्हणतो, त्याचा मला खरंच राग येतो.

शेवटी महाडचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. २००५ च्या त्याच पावसात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या, गावंच्या गावं गाडली गेली, पण बातम्या सगळ्या मुंबईच्या होत्या. आणि २२ जुलै २०२१ ला त्याच महाड तालुक्यात तळिये. पुन्हा डोंगर खाली आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. मध्ये सोळा वर्षं होती. महाड-पोलादपूरकडचं कोणी हे वाचत असेल तर प्लीज कमेंटमध्ये सांगा, तुमच्या वाडीचा सर्व्हे झाला होता का, पुनर्वसनाची जागा मिळाली का, आणि ग्रामसभेत हा विषय शेवटचा कधी निघाला होता.